‘मूळ रूप’ कोणाचे? नेदरलँड्समधील आयात गाड्यांचा छंद आणि करखात्याचा शब्दकोश

हौसेला मोल नसते, असे मराठीत म्हणतात. नेदरलँड्समध्ये मात्र परदेशी गाड्या आणून त्यांत मनाजोगते फेरबदल करणाऱ्यांच्या हौसेचे मोल युरोच्या पूर्णांकापर्यंत ठरलेले आहे. गाडी किती जुनी, तिचे वजन किती आणि तिच्यात कोणता बदल झाला, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते अवलंबून असते. त्यामुळे येथील शौकिनांच्या बोलण्यात दोन शब्दकोश एकमेकांत मिसळलेले आढळतात. एक जपान-अमेरिकेतून आलेला, आवडीनिवडीचा. दुसरा डच, कागदपत्रांचा. पहिला अधिक आकर्षक असला तरी निर्णायक ठरतो तो दुसराच.

आसेन येथील टीटी सर्किट मोटारसायकल शर्यतींसाठी विख्यात आहे. तेथे जपानी गाड्यांच्या दर्दींचेही मेळावे भरतात आणि पहिला शब्दकोश तेथे उघडपणे ऐकू येतो. ‘जेडीएम’ म्हणजे जपानने केवळ आपल्या देशांतर्गत बाजारासाठी बनवलेली, म्हणून उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी. ‘स्टान्स’ म्हणजे गाडीची बैठक: ती जमिनीलगत किती बसली आहे आणि चाके कमानीत किती नेमकी मावली आहेत, याचा विचार. ‘स्लीपर’ बाहेरून साधीसुधी दिसते. तिचे बळ इंजिनाच्या झाकणाखाली दडलेले असते. त्याच कंपनीच्या वरच्या श्रेणीतील सुटे भाग बसवून केलेला संयत बदल म्हणजे ‘ओईएम प्लस’. केवळ दिखाऊ पंख आणि गोंगाट करणारा एक्झॉस्ट लावणाऱ्याला ‘रायसर’ म्हणून हिणवले जाते. या शब्दात आशियाई लोकांविषयीची जुनी तुच्छता दडलेली असल्याने अनेक जण तो टाळतात.

या छंदाला नेदरलँड्समध्ये अनुकूल भूमी मिळाली, याला इतिहास आहे. मोटारींच्या बाबतीत हा देश प्रामुख्याने आयातदार राहिला. बेन पॉन यांनी १९४७ मध्ये फोक्सवॅगनच्या बीटल गाड्या येथे आणल्या. त्या कंपनीच्या निर्यातीचा तो आरंभ मानला जातो. डाफ कंपनीने १९५८ मध्ये स्वदेशी मोटार सादर केली खरी, परंतु १९७५ मध्ये तिचा मोटार विभाग व्होल्वोकडे गेला. त्याच परंपरेतील बोर्न येथील कारखान्यात शेवटी मिनी गाड्या बनत. ते उत्पादनही २०२४ च्या आरंभी थांबले. स्वदेशी ब्रँडचा अभिमान फारसा उरला नाही, तेव्हा जपानी, जर्मन, अमेरिकी अशा सर्वच गाड्यांना येथे समान मोकळीक मिळाली. रॉटरडॅमसारखे बंदर हाताशी होतेच.

दुसरा शब्दकोश सुरू होतो तो आकड्यांनी. पहिला आकडा २५. परदेशातून आणलेल्या गाडीची नोंदणी करताना ‘बीपीएम’ हा कर भरावा लागतो. तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनावर ठरतो आणि गाडीच्या वयानुसार घटत जातो. पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या गाडीवर तो लागत नाही. १९९९ मध्ये प्रथम रस्त्यावर आलेली निस्सान स्कायलाइन जीटी-आर आर३४ या कसोटीवर २०२४ मध्ये उतरली. अमेरिकेतही पंचवीस वर्षांहून जुन्या गाड्यांना तेथील सुरक्षा मानकांतून सूट मिळते. त्यामुळे एकाच गाडीसाठी दोन खंडांतील ग्राहक एकाच सुमारास पुढे आले आणि किमती वाढल्या. आवडीची लाट म्हणून जे दिसते, त्यामागे पुष्कळदा असे कायद्याचे कॅलेंडर असते.

दुसरा आकडा ४०. रस्ताकरातून संपूर्ण सूट चाळीस वर्षांच्या गाडीला मिळते. १ जानेवारी २०१४ पासून हा नियम कडक झाला. त्यापूर्वीची सवलत अधिक उदार होती. हा कर वजन, इंधन आणि प्रांत यांवर ठरत असल्याने पंचविशी ते चाळिशीतील जड गाडी बाळगणे महाग पडते. म्हणून अनेक जण हिवाळ्यात गाडीची नोंदणी तात्पुरती स्थगित करतात. त्याला डच भाषेत ‘स्खोर्सन’ म्हणतात आणि शौकिनांच्या गप्पांत हा शब्द ‘स्टान्स’इतकाच रुळला आहे. ‘यंगटायमर’ हा शब्दही असाच करातून लोकप्रिय झाला. ठरावीक वयाहून जुनी गाडी व्यवसायासाठी वापरल्यास खासगी वापरावरील कर मूळ किमतीवर न आकारता चालू बाजारभावावर आकारला जातो. ही वयोमर्यादा दीर्घकाळ पंधरा वर्षे होती. ती वाढवण्यावरून २०२५ मध्ये डच संसदेत चर्चा झाली. एका करतरतुदीच्या फेरबदलाने एका अख्ख्या पिढीच्या गाड्यांची मागणी बदलू शकते, हे त्यातून दिसले.

खरा वादाचा आकडा मात्र ३० आहे. युरोपीय संघाबाहेरून आणलेल्या मोटारीवर सर्वसाधारणपणे १० टक्के आयातशुल्क आणि नेदरलँड्समध्ये त्यावर २१ टक्के मूल्यवर्धित कर लागतो. गाडी तीस वर्षांहून जुनी असेल, त्या मॉडेलचे उत्पादन थांबलेले असेल आणि ती मूळ रूपात असेल, तर ती संग्राह्य वस्तू ठरते. तेव्हा शुल्क शून्य आणि कर ९ टक्के. वीस हजार युरोंच्या गाडीचे उदाहरण घेऊ. वाहतूक व अन्य खर्च बाजूला ठेवू. संग्राह्य ठरल्यास १,८०० युरो भरावे लागतात. न ठरल्यास २,००० युरो शुल्क आणि ४,६२० युरो कर, असे एकूण ६,६२० युरो. सांगाडा, इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग किंवा सस्पेन्शन यांत मोठा बदल झालेला असेल, तर संग्राह्यतेचा दावा धोक्यात येतो. दोन कॉफी मशीनच्या किमतीएवढा नव्हे, तर पावणेपाच हजारांहून अधिक युरोंचा फरक ‘मूळ रूप’ या दोन शब्दांवर अवलंबून राहतो.

येथेच शौकीन आणि शासन यांच्या व्याख्या वेगळ्या होतात. नव्वदच्या दशकात टोकियोच्या एखाद्या वर्कशॉपने नावाजलेले टर्बो आणि सस्पेन्शन बसवलेली स्कायलाइन ही दर्दीच्या दृष्टीने त्या काळाचा अस्सल दस्तऐवज असते. सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती बदललेली, म्हणून साधी जुनी गाडी. दोघेही आपापल्या जागी चुकीचे नाहीत. पण कराचा दर एकाच व्याख्येवर चालतो. परिणामी हाताने न छेडलेल्या गाड्यांना चढा भाव येतो आणि बदलाची परंपराच ज्यांचे वैशिष्ट्य आहे, त्या गाड्या आयातीच्या टप्प्यावरच मागे पडतात.

नोंदणीसाठी ‘आरडीडब्ल्यू’ या वाहन प्राधिकरणाशी संबंध येतो. जपानी गाडीचे हेडलाइट डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बसवलेले असतात; ते बदलावे लागतात. मागील फॉग लाइट डावीकडे किंवा मध्यभागी असावा लागतो. पुढील बाजूच्या काचांतून किमान ५५ टक्के प्रकाश आत यावा लागतो. ‘एपीके’ या नियतकालिक तपासणीत टायर कुठे घासत नाहीत ना, हेही पाहिले जाते. स्टान्सच्या नादात खाली उतरवलेल्या गाड्या नेमक्या तेथे अडतात. रस्त्यावर पोलिसांना गाडी धोकादायक वाटली, तर तिच्यावर ‘डब्ल्यूओके’, म्हणजे ‘तपासणीच्या प्रतीक्षेत’ असा शेरा नोंदवला जातो. नवी तपासणी उत्तीर्ण होईपर्यंत ती सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. शौकिनांना दंडापेक्षा या शेऱ्याची धास्ती अधिक असते.

शेजारच्या जर्मनीत जवळजवळ प्रत्येक सुट्या भागाला मान्यतापत्र किंवा गाडीच्या कागदांत नोंद लागते. भारतात चित्र निराळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाही, असे स्पष्ट केले. इंधनबदलासारखे अपवाद सोडले तर दार जवळपास बंद आहे. तरीही बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्याचे कार्यक्रम महाराष्ट्रातील शहरांत होतच असतात. सरसकट मनाईने हौस थांबत नाही; ती तपासणीच्या कक्षेबाहेर जाते. डच पद्धतीचे बलस्थान हेच, की ती बदलाला गुन्हा न मानता त्याची तपासणी करते. तिची उणीव अशी, की कागद, वेळ आणि पैसा ज्याच्यापाशी आहे, त्याचीच हौस कायदेशीर ठरते. गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने काम शिकणारा तरुण पहिल्याच शेऱ्यात बाहेर पडतो.

आइंडहोव्हन किंवा आम्स्टेलव्हेन येथे स्थिरावलेल्या मराठी व्यावसायिकांसाठी हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. बदल केलेली गाडी विकत घेताना आरडीडब्ल्यूच्या सार्वजनिक नोंदीत वाहनक्रमांक तपासणे, शेरा नाही याची खातरजमा करणे आणि प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवणे अत्यावश्यक आहे; न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवू शकतो. नेदरलँड्समध्ये स्थलांतर करताना स्वतःची गाडी सोबत आणणाऱ्यांना बीपीएममधून सूट मिळू शकते. त्यासाठी आधी किमान बारा महिने परदेशात वास्तव्य आणि सहा महिने गाडीची मालकी व वापर लागतो; त्यानंतर बारा महिने ती विकता येत नाही.

युरोपीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची दरवर्षी तपासणी करण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे तपासणीची कक्षा रुंदावण्याकडेच कल आहे. अशा वेळी सुरक्षिततेची कसोटी आणि मूळपणाची कसोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धोरणकर्त्यांनी मान्य करणे गरजेचे आहे. ब्रेक नीट लागतो का, हा प्रश्न सर्वांच्या जिवाचा आहे. तेथे तडजोड नको. तीस वर्षांपूर्वी कोणी टर्बो बदलला, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे, आणि त्याचे उत्तर करखात्याने एकट्याने ठरवू नये.