जिन्याखालचा कचरा
— नगरवासी

सेनगावात जिंतूर रस्त्यावर नुकत्याच पुऱ्या झालेल्या एका इमारतीचा मंजूर नकाशा या आठवड्यात पाहावयास मिळाला, आणि घंटागाडीच्या ज्या तक्रारींविषयी मी या स्तंभात वारंवार लिहीत आलो त्यांचे मूळ गाडीत नसून नकाशात आहे, ही माझी धारणा दृढ झाली. खाली दुकाने, वर दोन मजल्यांवर बारा बिऱ्हाडे. शटरे थेट रस्त्याला भिडलेली, आणि वरच्या मंडळींना ये-जा करण्यास दोन शटरांमधला अरुंद बोळ. कचरा कोठे साठवावा व कोणत्या वाटेने बाहेर न्यावा, याचा नकाशात कोठेही निर्देश नाही. परिणामी जिन्याखाली, विजेच्या मीटरांच्या अगदी खालीच, खताच्या रिकाम्या गोण्यांत ओले-सुके एकत्र साठते, त्याचे पाणी पायरीपर्यंत ओघळते, आणि सकाळी घंटा वाजली म्हणजे गाडीवरच्या बाईंना ती गोणी त्या बोळातून फरफटत ओढावी लागते.

वाहनांची तजवीज मात्र त्याच नकाशात काटेकोर आहे. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने मोटारीस २.५ मीटर बाय ५ मीटर आणि दुचाकीस १ बाय २ मीटर जागा ठरवून दिली असून, त्या चौकटी आखून दाखविल्याखेरीज परवानगीच्या कागदावर शिक्का उमटत नाही. आता कचऱ्याचा हिशेब पाहा. माणशी रोजचा ३०० ग्रॅम धरला, तर बारा बिऱ्हाडांतील साठ माणसांचा १८ किलो होतो, आणि गाडी लागोपाठ दोन दिवस चुकली तर तिसऱ्या सकाळी ५४ किलो. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार वेगळे ठेवण्यास १२० लिटरचे तीन डबे पुरतात, आणि हे तीन डबे एका दुचाकीच्या जागेत ओळीने बसतात. ज्या बिऱ्हाडांपाशी मोटार नाही त्यांच्याही हिशेबी मोटारीची जागा राखून ठेवावी, आणि जो कचरा एकाही घरास एकही दिवस चुकत नाही त्याच्या वाट्यास एका दुचाकीएवढी भूमीही येऊ नये, हा न्याय मला मुळीच पटत नाही.

कायद्यास हा विषय अपरिचित आहे असे नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी विलगीकरणासाठी व साठवणीसाठी स्वतंत्र जागा आखण्याचे फर्मावले, परंतु २०० हून अधिक सदनिकांच्या किंवा ५,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील संकुलांसाठी. २०२० ची नियमावली ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करण्याची सक्ती करते, ती ४,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे. सेनगावात एवढे संकुल कोणी दाखवावे! पावसाचे पाणी जिरविण्याची सक्ती ५०० चौरस मीटरच्या भूखंडापासून होऊ शकते, तर तीन डब्यांची का होऊ नये?

डब्यांना जागा मिळाली तरी त्यांना बाहेर जाण्याची वाटही हवी. इमारतीमागे गल्ली सोडावी हा माझा आग्रह वाचकांना परिचित आहे, आणि तो येथे पुन्हा मांडणे मला प्राप्त आहे. मुंबईच्या जुन्या चाळींमागे ‘हाऊस गल्ली’ नावाची अरुंद वाट सोडलेली असे. तीतून मैला वाहून नेणाऱ्या माणसांवर जातिव्यवस्थेने लादलेली क्रूरता मी क्षणभरही विसरत नाही, आणि ती प्रथा पुन्हा कोणाच्या वाट्यास येऊ नये. परंतु घरातली घाण बाहेर जाण्यास स्वतंत्र वाट लागते, एवढे त्या रचनाकारांनी ओळखले होते. मागची वाट असलेल्या आळीत शेजाऱ्यांचे तंटेही कमी होतात, असे माझे मत आहे, आणि त्यास मी चिकटून राहीन.

नगरपंचायतीने ठराव करून सहा बिऱ्हाडांहून मोठ्या प्रत्येक इमारतीच्या नकाशात डब्यांची जागा आणि तेथून रस्त्यापर्यंतची, चाकांचा डबा ओढत नेता येईल अशी पायरीविरहित वाट मागावी, व ती प्रत्यक्ष पाहिल्यावाचून भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. नियमात बसेना तर तसा प्रस्ताव शासनाकडे धाडावा. ज्या इमारती आज जोत्यापर्यंतच आल्या आहेत, त्यांचा जिना अजून हातभर सरकविता येतो. त्यांच्या मालकांनी व अभियंत्यांनी ठरावाची वाट न पाहता स्लॅब पडण्यापूर्वीच नकाशा पुन्हा उघडावा.