घरगुती तंत्र : बॅटरीवरचा पांढरा थर



६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला निघायचे म्हटले की आपल्या वस्तीत गाड्या धुतल्या जातात, निळे झेंडे लागतात. बॉनेट मात्र कुणी उघडत नाही. मग ऐन पहाटे, बायकामुले गाडीत बसल्यावर सेल्फ नुसता टकटक करतो. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातही अशा वेळी कुणीतरी ‘नजर लागली’ म्हणतेच! लिंबू-मिरची टांगून बॅटरी चार्ज होत नाही. कारण शोधावे लागते, आणि पुष्कळदा ते टर्मिनलवरच बसलेले असते.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. त्यांत शिशाच्या प्लेटा सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. चार्जिंग होताना पाण्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन वायू सुटतात व त्यांच्याबरोबर आम्लाचे सूक्ष्म तुषार बुचांतून आणि टर्मिनलच्या बुडाशी असलेल्या फटीतून बाहेर येतात. शिशावर पांढरा थर चढतो. क्लॅम्पमध्ये पितळ वा तांबे असेल तर निळसर-हिरवा. या थरातून दिवा लागण्यापुरती वीज जाते, पण सेल्फला शंभराहून अधिक अँपिअर लागतात, ते मिळत नाहीत. चांगली बॅटरी मोडीत देऊन नवी घेणारे कितीतरी लोक आहेत. काम असते चमचाभर सोड्याचे!

मात्र हे काम जपून करावे. हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो व बॅटरी फुटून आम्ल तोंडावर उडते. म्हणून विडी-सिगारेट दूर. अंधारात पाणी पाहण्यासाठी काडी ओढणारे महाभाग आहेत. त्यांनी टॉर्च घ्यावा. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढावे. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे घालावेत. गॅरेजमध्ये आपली कितीतरी पोरे उघड्या हातांनी व उघड्या डोळ्यांनी हे काम करतात. त्यांच्या मालकाला चष्मा मागणे हा उद्धटपणा नव्हे.

इंजिन बंद करून किल्ली काढावी. आधी ऋण (−) बाजूचा क्लॅम्प सोडावा, मग धन (+). बहुतेक गाड्यांची ऋण तार बॉडीला जोडलेली असते. धन बाजू आधी सोडताना पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होऊन पाना लाल होतो, हात भाजतो. जोडताना उलट: आधी धन, शेवटी ऋण.

पेलाभर पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा कालवून जुन्या दातघासणीने थर घासावा. फेस येतो, तो थांबेपर्यंत घासावे. बुचे घट्ट हवीत. सोडा आत गेला तर आम्लच निकामी होते. साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे, क्लॅम्प आवळावेत व वरून वॅसलिन लावावे. घरातल्या बाईने हे करू नये असे कुठे लिहिलेले नाही.

बुचे उघडणारी बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा पाणी पाहावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अधिक वेळा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे, बोअरचे, फिल्टरचेही पाणी चालत नाही, कारण त्यात क्षार असतात. ‘जोर यावा’ म्हणून आम्ल तर मुळीच घालू नये. सीलबंद बॅटरी उघडू नये. तिचे टर्मिनल मात्र तसेच साफ करावे.

एवढे करूनही डोळ्यांत आम्ल उडालेच, तर क्षणही न दवडता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पापण्या उघड्या धरून किमान वीस मिनिटे डोळा धुवावा. चोळू नये. दूध, तूप, सोडा, काहीही घालू नये. मग थेट दवाखाना गाठावा, वेदना थांबल्या तरी. त्वचेवर उडाले तरी भरपूर पाणी.

जुनी बॅटरी दारामागे ठेवू नये, फोडू तर नयेच. शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमचे अपाय करते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती नोंदणीकृत ठिकाणीच गेली पाहिजे. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्यावी. किमतीत सूटही मिळते.