भुतांचे चित्रपट आणि माणसांचे अपराध

१४ ऑगस्ट २०२४ च्या रात्री देशात दोन घटना एकाच वेळी घडत होत्या. कोलकात्यातील एका सरकारी रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण स्त्री-डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, त्याला जेमतेम पाच दिवस झाले होते. त्या रात्री बंगालमधील अनेक शहरांत हजारो स्त्रिया, रात्रीवर आपलाही हक्क आहे हे सांगण्यासाठी रस्त्यावर उतरल्या. त्याच रात्री ‘स्त्री २’ या हिंदी चित्रपटाचे पहिले खेळ देशभर सुरू झाले. चंदेरी गावातील स्वतंत्र वृत्तीच्या, नव्या वळणाच्या मुलींना एक मुंडके नसलेले भूत पळवून नेते, ही त्या चित्रपटाची कथा. त्या वर्षी सर्वांत मोठा गल्ला जमवणाऱ्या हिंदी चित्रपटांत त्याची गणना झाली.

हा निव्वळ योगायोग होता. तथापि ज्या समाजात हे दोन्ही एकाच रात्री घडते, त्या समाजातील चळवळीच्या कार्यकर्त्याला भुताखेतांच्या विनोदी चित्रपटांकडे पाठ फिरवून चालणार नाही. असले चित्रपट म्हणजे भांडवली करमणुकीचा गाळ, असे म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. त्यात स्त्रीमुक्तीचा संदेश आहे, असे म्हणून टाळ्या वाजवणेही तितकेच सोपे आहे. दोन्ही प्रकारांत विचार करण्याचे श्रम मात्र वाचवले जातात.

एके काळी हिंदी भयपट म्हणजे रामसे बंधूंची पडकी हवेली असे. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) पासून ‘पुराना मंदिर’ (१९८४) पर्यंत भुताचे काम प्रेक्षकाला घाबरवणे एवढेच होते. मराठीत ‘झपाटलेला’ने (१९९३) बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूला घराघरांत पोहोचवले आणि भीतीच्या जोडीला हसू आणून बसवले. २०१८ च्या ‘स्त्री’पासून हिंदीत जी लाट आली, तिने भय आणि हास्य यांच्या जोडीला तिसरी गोष्ट आणली. या चित्रपटांतील भुताला पूर्वायुष्य असते, आणि बहुधा ते अन्यायाचे असते.

‘स्त्री’मधील भूत म्हणजे एक गणिका. एका पुरुषाने तिच्यावर मनापासून प्रेम केले, म्हणून गावाने लग्नाच्या रात्रीच दोघांना ठार केले. ‘भेडिया’त (२०२२) अरुणाचलातील जंगलातून रस्ता काढू पाहणारा ठेकेदारच लांडगा होतो. कोकणच्या पार्श्वभूमीवरील ‘मुंज्या’त (२०२४) मोठ्या वयाच्या मुलीशी लग्न करण्याचा हट्ट धरलेला मुलगा स्वतःच्या बहिणीचा बळी द्यायला निघतो, त्यात मरतो, आणि मेल्यावरही नकार मानत नाही. मराठी ‘लपाछपी’त (२०१७) तर उसाच्या फडात वावरणारी भुते ही मुलगी म्हणून मारल्या गेलेल्या जिवांशी जोडलेली आहेत. स्त्रीचा नकार न मानणारा पुरुष, गर्भातच मारली जाणारी मुलगी, ठेकेदाराच्या घशात जाणारे जंगल, हे विषय भुताच्या मिषाने का होईना लाखो प्रेक्षकांपुढे येतात, ही उपेक्षा करण्याजोगी गोष्ट नाही.

‘स्त्री’तील विनोदाचे मोलही मान्य केले पाहिजे. त्या गावात उत्सवाच्या रात्री पुरुष एकट्याने बाहेर पडत नाहीत. एकटा जाऊ नकोस, दार लावून घे, वेळेवर घरी ये, अशा सूचना बायका नवऱ्यांना देतात. चित्रपटगृह हसते. या सूचना जन्मभर ऐकत आलेल्या बायका हसतात, आणि त्या देत आलेले पुरुषही हसतात. क्षणभर का होईना, रोजची व्यवस्था उलटी होऊन दिसते आणि तिचा वेडगळपणा उघडा पडतो. एखाद्या सभेत तासभर बोलूनही हा परिणाम साधेलच असे नाही.

परंतु अन्याय दाखवणारे हे चित्रपट त्याच्या निवारणाकडे वळले की त्यांचे पाय लटपटतात. ‘स्त्री’च्या शेवटी गाव त्या स्त्रीचा पुतळा उभारतो, आणि जिला भिंतीवर ‘उद्या ये’ असे लिहून टाळले जात होते, तिलाच रक्षण करण्याची विनवणी त्याच भिंतीवर केली जाते. कालची चेटकीण आज देवी होते. या देशातील स्त्रीला ही दोन्ही रूपे नवी नाहीत. तिला हवे असलेले माणूसपण या दोन टोकांच्या मध्ये कोठे तरी हरवते. ‘स्त्री २’ तर याहून सोयीचा मार्ग काढतो. तेथे गावातील पुरुष बायकांना घरात कोंडू लागतात ते भुताच्या अमलाखाली. भूत नष्ट झाले की अंमल उतरतो आणि पुरुष पुन्हा सज्जन होतात. अपराध भुताचा ठरला की माणसाला पश्चात्तापाचीही गरज उरत नाही.

यावर असे म्हटले जाईल, की भुताच्या गोष्टीत भूत असणारच. चित्रपट म्हणजे पक्षाचे पत्रक नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. परंतु याच हिंदी चित्रपटसृष्टीने वेगळी वाट चालून दाखवली होती. १९९३ च्या एका मल्याळी चित्रपटावर आधारलेल्या ‘भूलभुलैया’त (२००७) वाड्यातील भुताचा उलगडा मनोविकारतज्ज्ञ करतो. भूत नसते, मनाचा आजार असतो, हे त्याने प्रेक्षकांना न कंटाळवता सांगितले, आणि प्रेक्षकांनी ते आवडीने पाहिले. २०२२ मध्ये त्याच नावाचा दुसरा भाग आला, तेव्हा मंजुलिका हे खरेखुरे भूत झाले होते. विवेकाची जागा पंधरा वर्षांत पुन्हा भुताने घेतली.

महाराष्ट्राला हा बदल विशेष बोचला पाहिजे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि त्यानंतर, वर्षानुवर्षे रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी अस्तित्वात आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणे आणि करणी केल्याचा ठपका ठेवून कोणाला छळणे, हे आज या राज्यात गुन्हे आहेत. सातपुड्याच्या पाड्यांवर डाकीण ठरवल्या गेलेल्या बाईला पडद्यावरच्या भुतासारखी अद्भुत शक्ती नसते. तिच्याजवळ असलाच तर हा कायदा असतो, आणि तो तिच्यापर्यंत नेणारा कार्यकर्ता.

‘तुंबाड’ (२०१८) हा विनोदी नाही, परंतु या सर्वांत विचाराने पुढचा आहे. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक चालला, ही आशादायक गोष्ट आहे. त्यातील हस्तराने सोने मिळवले, पण धान्य त्याच्या हाती लागले नाही. म्हणून सोन्याच्या राशीत तो कायम भुकेला आहे. पिठाच्या बाहुलीचे आमिष दाखवून त्याच्या मुद्रा पळवणारा माणूस त्याच्याहून भयंकर ठरतो. लोभाचे इतके नेमके चित्र हिंदी पडद्यावर क्वचित आले असेल. तरीही एक उणीव उरतेच. ज्या कोकणात ही कथा घडते, तेथील खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मांडले होते. वाड्यातील बाहुलीचे पीठ कोणाच्या घामातून आले, हे हा चित्रपट विचारत नाही. वाड्याचा शाप त्यात दिसतो, वाड्याला पोसणारे कूळ दिसत नाही.

मग कार्यकर्त्याने काय करावे? बंदीची मागणी तर मुळीच करू नये. वस्तीतील मुलांबरोबर हे चित्रपट पाहावेत, त्यांच्याबरोबर हसावे, आणि बाहेर पडल्यावर चहाच्या टपरीवर तीन साधे प्रश्न विचारावेत. हे भूत जिवंतपणी कोण होते? त्याला कोणी मारले? आणि चित्रपट संपला तेव्हा त्या मारणाऱ्यांची सत्ता कोठे गेली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुले लगेच देतील. तिसऱ्याला ती अडखळतील, कारण चित्रपटही तेथेच अडखळतो. खरी चर्चा तेथून सुरू होते.

त्या ऑगस्टच्या रात्री बंगालच्या रस्त्यांवर चालणाऱ्या स्त्रियांना भुताची भीती नव्हती. ज्यांची भीती होती, ती हाडामांसाची माणसे होती, आणि त्यांच्या मदतीला कोणतीही अद्भुत शक्ती येणार नव्हती. म्हणून त्या एकमेकींना घेऊन निघाल्या होत्या.