प्रश्न विचारण्याची तऱ्हा

माणूस उत्क्रांत झाला की पहिल्यापासून असाच होता? २०१८ साली अमेरिकेत प्यू संशोधन संस्थेने हे दोन तऱ्हांनी विचारले. आधी फक्त एवढाच प्रश्न टाकला, तेव्हा ३१ टक्क्यांनी उत्क्रांती नाकारली. ‘देवाच्या प्रेरणेने झालेली उत्क्रांती’ हा पर्याय सुरुवातीलाच ठेवला, तेव्हा नाकारणारे उरले १८ टक्के! म्हणजे पुष्कळांचे भांडण जीवाश्मांशी नव्हतेच. देव सोडावा लागेल, ही धास्ती होती.

आपल्याकडे मत्स्य-कूर्म-वराह म्हणत डार्विनला घरचाच ठरवण्याची सोय आहे. (ती सोय विज्ञान नव्हे, हे वेगळे.) तरी त्याच वर्षी औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनला चुकीचा ठरवले. देशातल्या तीन विज्ञान अकादमींना जाहीर खंडन करावे लागले. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीच वगळली गेली. अनेकांचे जीवशास्त्र तर दहावीलाच संपते.