पय्योळीची उषा आणि आपल्या मुली

भगिनींनो, "पोरीच्या जातीला धावून काय करायचंय?" हे बोलणे आपल्या वस्तीत अजूनही कानी पडते. असे कोणी म्हणाले की आम्हाला पी. टी. उषा आठवते.

केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात पय्योळी हे समुद्रकाठचे गाव आहे. 1964 साली जन्मलेली उषा तिथेच लहानाची मोठी झाली. घरची परिस्थिती बेताची, त्यात लहानपणी आजारपण पाठीशी. परंतु 1976 साली केरळ सरकारने कन्नूरला मुलींसाठी क्रीडाशाळा काढली आणि उषाला तेथे प्रवेश मिळाला. प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांनी तिचे गुण हेरले. चारच वर्षांत, सोळाव्या वर्षी, ती मॉस्को ऑलिम्पिकमध्ये धावली.

1984 साली लॉस एंजेलिसला महिलांची 400 मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिम्पिकमध्ये प्रथमच झाली. तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूची वेळ 55.41 सेकंद, उषाची 55.42. सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने पदक गेले! तिथे पेज आणि लोणचे खाऊन दिवस काढले, शेवटच्या टप्प्यात अंगात त्राण उरले नाही, असे उषाने पुढे स्वतः सांगितले.

पण ती रडत बसली नाही. 1985 साली जकार्ता येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच सुवर्णपदके आणि 1986 च्या सेऊल एशियाडमध्ये चार सुवर्ण व एक रौप्य तिने मिळवले. लग्न झाले, मूल झाले, तरी ती पुन्हा मैदानात उतरली. 1998 साली फुकुओकाच्या आशियाई स्पर्धेत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तिने रिलेचे सुवर्ण जिंकले. निवृत्तीनंतर 2002 साली तिने मुलींसाठी धावण्याची शाळा सुरू केली. 2022 साली ती भारतीय ऑलिम्पिक संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झाली.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. सरकारी शाळेने दार उघडले म्हणून गावातली एक मुलगी जगापुढे आली. तेव्हा शाळेच्या क्रीडास्पर्धेत मुलीचे नाव घाला, गुरुजींना जाऊन भेटा. दुसरी गोष्ट ताटाची. घरात अंडे एकच असेल तर ते मुलाच्याच ताटात का पडावे? अर्धे अर्धे करा. मुलीच्या पायातले बळ आधी आपल्या चुलीपाशी तयार होते, हे विसरू नका.