नव्या गावची थंडी

नोकरीसाठी किंवा कामधंद्यासाठी अनेक कुटुंबे आपले गाव सोडून दुसऱ्या गावी जातात. नवे घर मिळते, मुलांची नावे शाळेत घातली जातात; पण तिथल्या हवेची ओळख कोणी करून देत नाही. ती करून देणे हे शेजाऱ्यांचे काम आहे, असे मला वाटते.

समजा, एक कुटुंब रत्नागिरीहून आपल्या अमडापूरला आले. रत्नागिरी समुद्रकाठी आहे. समुद्राचे पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. म्हणून तिथला हिवाळा सौम्य असतो. आपला बुलढाणा जिल्हा समुद्रापासून दूर आहे. डिसेंबर-जानेवारीत इथली हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. दिवसा तापलेली जमीन रात्री लवकर थंड होते. त्यात उत्तरेकडून गार वारे आले, की पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली उतरतो. एका चादरीवर हिवाळा काढणाऱ्यांना ही थंडी कशी सोसणार?

कोणी म्हणेल, "होईल हळूहळू सवय. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला बोलायचे?" सवय होते, हे खरे, पण तोवर एखादी चूक जिवावर बेतू शकते. थंडीने बेजार झालेली माणसे दारे-खिडक्या लावून, खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपतात. बंद खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. माणूस झोपेतच दगावतो. म्हणून शेगडी उघड्यावर शेकावी आणि झोपताना निखारेसुद्धा घरात ठेवू नयेत. एवढे सांगायला शेजाऱ्याला पैसा लागत नाही.

बाकीचे उपाय सोपे आहेत. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घालावेत. मधली हवा ऊब धरून ठेवते. जुन्या लुगड्यांचे थर देऊन शिवलेली गोधडी याच कारणाने उबदार असते. अंथरूण-पांघरूण दुपारी उन्हात टाकावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना पहाटे वजूसाठी कोमट पाणी द्यावे.

थंडी आपली शत्रू नाही. शेतातला गहू आणि हरभरा याच थंडीवर पोसतात. फक्त तिच्याशी कसे वागावे, हे माहीत असले पाहिजे.

तुमच्या वर्गात नवीन आलेला मुलगा थंडीने कुडकुडत असेल, तर त्याला हसू नका. त्याला उन्हाची जागा द्या. घरी गेल्यावर अम्मीला सांगा. एखादी जास्तीची गोधडी निघेल. ती द्यायला जाल, तेव्हा शेगडीची गोष्टही जरूर सांगा.