जिद्द असली की झालं?

गेल्या आठवड्यात आमच्या चाळीतल्या एका मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. वडील नाहीत, आई चार घरी चपात्या लाटते. पेढा घेताना प्रत्येकाने तिला एकच ऐकवलं, "जिद्द असली की सगळं होतं. आपल्या कल्याणची आनंदीबाई बघ!"

मला हसू आलं. १९८२च्या संपात बाबांची गिरणीतली नोकरी गेली आणि आम्ही टिटवाळ्याला राहायला आलो. पुढे मी नर्स व्हायचं म्हणाले तेव्हा मलाही आनंदीबाईच ऐकवली होती. ऐकवणाऱ्यांपैकी वहीला पैसे कोणी दिले नाहीत, ते सोडा.

मला वाटतं, ही गोष्ट आपण अर्धीच सांगतो. आनंदीबाई जोशींचा जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि दहा दिवसांत बाळ गेलं. त्या दुःखातून डॉक्टर व्हायचं ठरलं. जिद्द होतीच, वाद नाही. पण १८८३ साली त्या बोटीने अमेरिकेत उतरल्या, तेव्हा तिथे त्यांच्यासाठी एक घर उघडं होतं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर बाई, ना नात्याच्या ना गोत्याच्या. एका मिशनरी मासिकात या मुलीविषयी वाचून त्यांनी आपणहून पत्र लिहिलं आणि पुढे तिला घरी ठेवून घेतलं.

१८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक तशीच राहिली. जिद्दीने पदवी मिळाली, पण जिद्दीने क्षय बरा होत नाही.

त्याच काळातल्या रखमाबाई. नको असलेल्या लग्नासाठी कोर्टात उभ्या राहिल्या, तुरुंगात जायचीही तयारी ठेवली. पण लंडनला डॉक्टरी शिकायला जाता यावं म्हणून लोकांनी वर्गणी काढली. परत येऊन सुरतेला त्यांनी वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले.

आता माझं. अकरावी-बारावीला मी कल्याणला जायचे. आमच्या एका खोलीत सहा माणसं, अभ्यास कुठे करणार? कॉलेज सुटलं की कल्याणच्या काकूंकडे जायचे. काकू आधी ताटात आमटी-भात वाढायच्या, मग माळ्यावरचा दिवा लावून द्यायच्या. "किती मार्क पडले?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. रात्री साडेआठला काका स्टेशनवर सोडायचे, पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळा. दोन वर्षं हे असं चाललं. आज मला नोकरीत पंचवीसच्या वर वर्षं झाली. लोक माझ्या जिद्दीचं कौतुक करतात आणि मला ती आमटी आठवते. (काकूंना आता दिसत नाही. चिंटू, हे त्यांना वाचून दाखव.)

असो. गरिबीने माणूस घडतो असं आपण फार सहज म्हणतो. वॉर्डात मी उलटच जास्त पाहिलंय, गरिबीने माणूस थकतो. जो निभावतो त्याच्यामागे बहुतेक वेळा कोणीतरी असतं. गोष्ट सांगताना आपण नेमकं त्यालाच वगळतो, कारण त्याचं नाव घेतलं तर आपल्यालाही काहीतरी करावं लागेल!

त्या मुलीची पहिल्या सहा महिन्यांची मेस आम्ही तिघी मैत्रिणी भरणार आहोत. पुढच्या सहा महिन्यांचं अजून ठरायचंय. नातेवाईक मंडळी, वाचताय ना?